राष्ट्रीय सणाच्या दिवशी गावातल्या हुतात्मा जवानांना मानवंदना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

साताऱ्याकडच्या आमच्या गावात चावडीसमोर एक जुना दगड आहे. पहिल्या महायुद्धात गावातून किती माणसे गेली आणि त्यांतली किती परत आली नाहीत, एवढेच त्यावर कोरलेले आहे. आकडे आहेत, नाव एकही नाही. लहानपणी आम्ही त्या दगडाला टेकून गोट्या खेळायचो. पुढे काही माजी सैनिक, दोन शिक्षक आणि मी असे मिळून ती नावे शोधायला बसलो. तेव्हापासून दर २६ जानेवारीला आणि १५ ऑगस्टला ध्वजवंदन झाले की गावातल्या प्रत्येक गेलेल्या जवानाचे नाव मोठ्याने वाचले जाते. आजूबाजूच्या गावांतून, मंडळांतून, शाळांतून याबद्दल विचारणा होते आणि प्रश्न बहुतेक तेच असतात. म्हणून ही उत्तरे एका जागी लिहून ठेवली आहेत.

ध्वजवंदन तर दरवर्षी होतेच. मग हे वेगळे कशासाठी?

ध्वजवंदन देशाचे असते आणि देशभर सारखेच होते. आपल्या आळीतला कोण, कुठल्या सालात, कुठल्या पलटणीत असताना गेला, हे मात्र त्या गावालाच माहीत असायला हवे. आमच्याकडे नाववाचन सुरू झाले त्या पहिल्या वर्षी एका आजींनी ऐंशीव्या वर्षी पहिल्यांदा आपल्या चुलत्याचे नाव चारचौघांत ऐकले. घरात त्यांचा फोटो नव्हता. "बसऱ्याला गेला तो आलाच नाही" एवढेच घरात सांगत. बसरा म्हणजे आजच्या इराकमधले शहर. कार्यक्रम संपल्यावर त्या दगडाजवळ येऊन कितीतरी वेळ उभ्या होत्या. मला वाटते, याहून जास्त कारण द्यायची गरज नाही.

कोणता दिवस निवडावा?

२६ जानेवारी आणि १५ ऑगस्ट हे सगळ्यांत सोयीचे, कारण सारा गाव आपणहून जमलेला असतो. दिल्लीतही २६ जानेवारीचा समारंभ गेलेल्या सैनिकांच्या स्मरणानेच सुरू होतो. १९७२ पासून पंतप्रधानांचे पुष्पचक्र इंडिया गेटच्या अमर जवान ज्योतीवर वाहिले जाई, २०२० पासून ते राष्ट्रीय युद्धस्मारकावर वाहिले जाते.

काही गावे १ मे धरतात. गोव्यात १९ डिसेंबरचा मुक्तिदिन आहे. १९६१ च्या त्या मोहिमेत अंजदीव बेटावर उतरताना नौदलाचे सात जण गेले. कारगिल विजय दिवस २६ जुलैला आणि पोलीस स्मृतिदिन २१ ऑक्टोबरला असतो. हे शेवटचे दोन दिवस महत्त्वाचे आहेत, पण सुट्टीचे नाहीत, त्यामुळे माणसे कमी जमतात.

वेळ ठरवताना एक लक्षात ठेवा. मुख्य शासकीय ध्वजवंदन सकाळी नऊच्या सुमारास असते आणि त्या वेळेच्या आसपास दुसरे कार्यक्रम ठेवू नयेत, असे शासनाचे परिपत्रक दरवर्षी निघते. त्या वर्षीचे परिपत्रक ग्रामपंचायत अधिकाऱ्यांकडून (पूर्वीचे ग्रामसेवक) पाहून घ्या.

आमच्या गावातही असा जुना दगड आहे. तो नेमका काय आहे?

पहिल्या महायुद्धानंतर इंग्रज सरकारने ज्या गावांतून जास्त भरती झाली तिथे असे फलक बसवले. मजकूर साधारण एकाच साच्याचा असतो: या गावातून अमुक माणसे १९१४ ते १९१९ च्या महायुद्धात गेली, त्यांतल्या अमुक जणांनी प्राण दिले. लढाई १९१८ च्या नोव्हेंबरात थांबली, पण तहावर सह्या १९१९ च्या जूनमध्ये झाल्या, म्हणून दगडावर १९१९ दिसते. ते चुकून कोरलेले नाही. काही उत्साही मंडळींनी रंग देताना ते साल "दुरुस्त" केल्याचे मी पाहिले आहे. कृपा करून तसे करू नका.

सातारा तालुक्यातले अपशिंगे (मिलिटरी) हे यातले सर्वांत प्रसिद्ध गाव. त्या एका गावाचे ४६ जण पहिल्या महायुद्धात कामी आले. आजही तिथे घरटी एक तरी माणूस सैन्यात असतो, म्हणून तर गावाच्या नावातच मिलिटरी आले. कोल्हापूर जिल्ह्यात शिरोळ तालुक्यातल्या सैनिक टाकळीचेही तसेच.

दगडावर फक्त आकडा आहे. शंभर वर्षांपूर्वीची नावे आता कुठून मिळणार?

मिळतात. मी सगळ्यांत जास्त वेळ यातच घालवला आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

आधी घरे पालथी घाला. पेटीच्या तळाशी, देव्हाऱ्याच्या मागे, कधी तांदळाच्या डब्यात जुनी पदके सापडतात. पदक मिळाले की त्याची कड उजेडात धरा. पहिल्या महायुद्धाच्या पदकांच्या कडेवर शिपायाचा नंबर, नाव आणि पलटण कोरलेली असते. लोक पदकाचा पुढचा-मागचा भाग बघतात आणि कड बघायचीच राहते. काही घरांत तळहाताएवढी ब्राँझची गोल चकती सापडते. तिच्यावर सिंह, हातात माळ घेतलेली बाई आणि एका चौकटीत नाव असते. ती फक्त मेलेल्या सैनिकाच्या घरी पाठवली जाई. तिच्यावर हुद्दा मुद्दामच नाही, सुभेदार असो की शिपाई, नाव तेवढेच. आमच्याकडे अशी एक चकती गोठ्यात दाराला अडसर म्हणून लावलेली होती.

दुसरी जागा म्हणजे राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाची नोंदवही. ती इंटरनेटवर सर्वांना खुली आहे आणि शोधायला पैसे लागत नाहीत. बऱ्याच नोंदींत बापाचे नाव, गाव, तालुका आणि जिल्हाही असतो. अडचण येते ती इंग्रजी स्पेलिंगची. शिंदे, जाधव, साळुंखे ही नावे ज्याने जशी ऐकली तशी लिहिली आहेत. एका आडनावाची चार-पाच स्पेलिंगे करून बघा, गावाचे नावही वेगवेगळ्या तऱ्हेने लिहून बघा.

हे शोधताना एक गोष्ट कळली आणि ती मनातून जात नाही. पहिल्या महायुद्धात ६ व्या पूना डिव्हिजनमध्ये मराठा पलटणी होत्या. आपल्याकडची कितीतरी माणसे मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, तुर्कांनी कुत शहराला घातलेल्या वेढ्यात आणि नंतरच्या कैदेत गेली. त्यांचे स्मारक बसऱ्याला उभारले गेले. तिथल्या फलकांवर इंग्रज शिपायांची नावे कोरली गेली. आपल्या साध्या शिपायांच्या वाट्याला मात्र पलटणीच्या नावाखाली नुसता आकडा आला. नावे कागदावर होती, तरी दगडावर आली नाहीत. २०२१ मध्ये त्या आयोगानेच नेमलेल्या समितीने हा भेदभाव मान्य केला आणि आयोगाने माफी मागितली. म्हणजे बसऱ्यालाही आकडा आणि चावडीसमोरही आकडाच. नाव वाचायचे तर ते आता आपणच वाचायचे आहे.

१९४७ नंतर गेलेल्या जवानांची माहिती जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात मिळते. दिल्लीच्या राष्ट्रीय युद्धस्मारकात त्यागचक्राच्या भिंतींवर स्वातंत्र्यानंतरच्या जवानांची नावे एकेका विटेवर कोरलेली आहेत आणि स्मारकाच्या संकेतस्थळावरही ती शोधता येतात. मराठा लाइट इन्फंट्रीतला जवान असेल तर बेळगावच्या केंद्राला पत्र लिहा.

ते तर इंग्रजांसाठी लढले. त्यांची नावे स्वातंत्र्यदिनी का वाचायची?

हा प्रश्न दरवर्षी कोणीतरी तरुण मुलगा विचारतो आणि त्याने विचारावा. माझे म्हणणे असे: ते कोणाच्या हुकमाने गेले हे त्यांच्या हातात नव्हते. कोणी दुष्काळामुळे गेला, कोणी बापाची पलटण म्हणून गेला, कोणी सावकाराचे देणे फेडायला. गेला तो मात्र आपल्याच गावचा होता आणि त्याची आई याच पाणवठ्यावर वाट बघत होती. दगड सरकारचा असेल, माणूस आपला होता.

माणगाव तालुक्यातले नाईक यशवंत घाडगे यांचेच बघा. दुसऱ्या महायुद्धात, १० जुलै १९४४ रोजी इटलीत त्यांनी एकट्याने मशीनगनच्या ठाण्यावर चाल केली, ठाणे घेतले आणि तिथेच गोळी लागून ते गेले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे ब्रिटिशांचे सर्वोच्च शौर्यपदक, मिळाला. माणगावात त्यांचा पुतळा आहे. २०२३ मध्ये इटलीतल्या मोंतोने गावात त्यांच्या नावाचे सूर्यघड्याळ-स्मारक उभे राहिले. परक्या गावाला त्यांचे नाव घ्यावेसे वाटते, तर आपण का मागे राहायचे?

यादीत कोणाला घ्यायचे? फक्त लढाईत गेलेल्यांना?

आम्ही ठरवले आहे की कर्तव्यावर असताना जो गेला तो यादीत. २०१६ च्या फेब्रुवारीत सियाचीनमध्ये हिमकडा कोसळून दहा जवान गेले, त्यांत एक साताऱ्याचा होता. तिथे शत्रूची गोळी नव्हती म्हणून त्याचे नाव वगळायचे? सीमा सुरक्षा दल, केंद्रीय राखीव पोलीस दल, राज्य पोलीस, सगळे घ्या. पुलवामात १४ फेब्रुवारी २०१९ ला गेलेल्या ४० जणांत बुलढाणा जिल्ह्यातले दोघे होते आणि ते सैन्यातले नव्हे, राखीव पोलीस दलातले होते.

त्याच वर्षी १ मे ला, ऐन महाराष्ट्र दिनी, गडचिरोलीत जांभूळखेड्याजवळ सुरुंगस्फोटात १५ पोलीस गेले. त्यांची गाडी चालवणारा खासगी चालकही त्यांच्याबरोबर गेला. त्याच्या अंगावर वर्दी नव्हती. बातमीत बहुधा "१५ जवान आणि एक चालक" असे येते. माझ्या मते अशा माणसाचे नाव त्याच यादीत, त्याच आवाजात वाचले पाहिजे.

शहीद म्हणायचे, हुतात्मा म्हणायचे की वीरगती प्राप्त?

"शहीद" हा सैन्याचा अधिकृत शब्द नाही, असे सरकारने संसदेत वेळोवेळी सांगितले आहे. लोकांच्या तोंडी तो बसलेला आहे आणि त्यात अनादर काहीच नाही. मराठीत "हुतात्मा" हा शब्द सावरकरांनी रूढ केला. ज्याने स्वतःची आहुती दिली तो हुतात्मा. निमंत्रणपत्रिकेत आम्ही "हुतात्मा जवान" लिहितो. घरच्यांसाठी वीरमाता, वीरपिता, वीरपत्नी हे शब्द सर्वांना कळतात. नाव वाचताना मात्र कोणतेही विशेषण लावत नाही. हुद्दा, नाव, पलटण, ठिकाण, साल एवढेच.

त्या दिवशी झेंडा अर्ध्यावर उतरवायचा का?

नाही. प्रजासत्ताक दिन, स्वातंत्र्यदिन आणि गांधी जयंतीला दुखवटा चालू असला तरी झेंडा पूर्ण उंचीवरच राहतो. अपवाद फक्त ज्या इमारतीत पार्थिव ठेवलेले असते तिचा, आणि तिथेही पार्थिव हलवले की झेंडा पुन्हा वर जातो. ध्वजसंहितेत हे स्पष्ट आहे.

स्मारकाचे अनावरण करायचे आहे. त्यावर तिरंगा झाकून तो ओढला तर चालेल?

चालत नाही, आणि ही चूक सर्रास होते. पुतळा किंवा स्मारक झाकायला राष्ट्रध्वज वापरायचा नाही. तो शेजारी स्वतंत्र, मानाच्या जागी फडकत ठेवायचा. झाकायला साधे भगवे किंवा पांढरे कापड घ्या. झेंड्यावर काही लिहायचे नाही, टेबलावर अंथरायचा नाही. फडकवण्याआधी आत फुलांच्या पाकळ्या ठेवायला हरकत नाही. कार्यक्रमानंतर मुलांच्या हातातले कागदी झेंडे गोळा करायला दोन माणसे आधीच नेमा, नाहीतर संध्याकाळी ते गटारात दिसतात.

कार्यक्रमाचा क्रम कसा ठेवता?

सकाळी प्रभातफेरी निघते. तिचा रस्ता आम्ही बदलला आहे. आता ती प्रत्येक जवानाच्या घरावरून जाते. घर पडले असेल, जोत्याचे दगड उरले असतील, तरी तिथे थांबून एक घोषणा होते. मग ध्वजवंदन आणि राष्ट्रगीत. त्यानंतर सगळे दगडापाशी येतात. वीरमाता, वीरपत्नी किंवा घरातले कोणी पहिले पुष्पचक्र वाहतात, त्यानंतर सरपंच, मग बाकीचे. मग नाववाचन, आणि शेवटी दोन मिनिटे शांतता. बिगुल वाजवणारा मिळाला तर शांततेआधी "लास्ट पोस्ट" ही गेलेल्या सैनिकांसाठीची बिगुलाची धून वाजते. आमच्याकडे गावचेच निवृत्त बँडवाले आहेत. ते नसतील तर शिटी पुरते. ध्वनिमुद्रण लावू नका, मध्येच जाहिरात सुरू झाल्याचा प्रसंग आम्ही एकदा सोसला आहे.

दोन मिनिटे म्हणजे दोनच मिनिटे. घड्याळ लावा. बहुतेक ठिकाणी वीस-पंचवीस सेकंदांत "जय हिंद" होते आणि लोक हलायला लागतात. पूर्ण दोन मिनिटे उभे राहिल्यावर काय होते ते एकदा अनुभवा. लहान मुलेसुद्धा गप्प होतात.

गणवेशातल्यांनी सॅल्यूट करायचा, बाकीच्यांनी सावधान उभे राहायचे. भाषणे हवीच असतील तर सगळे झाल्यावर, आणि फलकावर पाहुण्यांचे फोटो नकोत.

जवानाच्या घरच्यांना कसे बोलवावे?

घरी जाऊन. फोनवर नाही, शिपायाबरोबर पत्रिका पाठवून नाही. आणि आधी विचारा. काही घरांना हे नको असते. मुलगा जाऊन दोन वर्षेच झालेली असतात आणि माईकवर त्याचे नाव ऐकणे आईला सोसत नाही. तिने नको म्हटले तर नाव वाचू नका. पुढच्या वर्षी पुन्हा विचारा.

एका समारंभात, गाव आणि संस्था सांगत नाही, मी पाहिले की वीरमातेला साडी-नारळ देताना छायाचित्रकारासाठी तीनदा उभे केले. प्रमुख पाहुणे उशिरा आले म्हणून त्याआधी दीड तास त्या उन्हात बसल्या होत्या, पाणीही कोणी विचारले नाही. त्या दिवशी मी घरी येऊन जेवलो नाही. आता आमच्याकडे घरच्यांना सावलीत खुर्च्या, पाणी आणि ने-आण करायला गाडी, ही सोय पहिल्यांदा होते आणि व्यासपीठाचे नंतर बघतो. पाहुणे उशिरा आले तर कार्यक्रम त्यांच्याशिवाय सुरू होतो.

वीरपत्नींना हळदीकुंकवाला बोलवावे का?

२६ जानेवारी बहुतेक वर्षी संक्रांत ते रथसप्तमीच्या हळदीकुंकवाच्या दिवसांत येते, म्हणून हा प्रश्न बायकाच विचारतात, हळू आवाजात. सकाळी जिचा सत्कार केला तिला संध्याकाळी दारावरून वगळून पुढे जायचे, हे मला कधीच पटले नाही. शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये ठराव करून कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे अशा विधवा प्रथा बंद केल्या. त्यानंतर राज्य शासनानेही परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींना तसे आवाहन केले. आमच्या गावातल्या बायकांनी हे आपसात ठरवले आणि आता बोलावणे सगळ्यांना जाते. ज्यांना यायचे त्या येतात. एक वहिनी पहिली दोन वर्षे आल्या नाहीत. तिसऱ्या वर्षी आल्या, वाण घेतले आणि पुढच्या वर्षी त्यांच्याच घरी हळदीकुंकू झाले.

नवे स्मारक बांधायचे आहे. कुठून सुरुवात करावी?

आधी बघा, २०२३ च्या "माझी माती माझा देश" मोहिमेत ग्रामपंचायतीने शिलाफलक बसवला होता का. अनेक गावांत तो आहे आणि स्थानिक वीरांची नावे त्यावर यायची होती. तो असेल तर राहिलेली नावे त्यातच कशी येतील ते पाहा, दुसरा चौथरा बांधण्याची गरज नाही. नसेल तर ग्रामसभेत ठराव मांडा. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरला बहुतेक गावांत ग्रामसभा होतात, त्यामुळे विषय त्याच दिवशी येतो आणि कोणाला नाही म्हणवत नाही. जुना दगड हलवू नका. रस्ता रुंदीकरणात असे दगड जातात, म्हणून ग्रामपंचायतीच्या दप्तरात त्याची नोंद आणि फोटो ठेवा. कोरीव अक्षरांत ऑइलपेंट भरू नका, पाण्याने आणि मऊ ब्रशने धुवा. फलकावर नावाखाली थोडी मोकळी जागा सोडा. हे सुचवायला जीभ वळत नाही, पण सोडा.

शाळेतल्या मुलांना काय काम द्यावे?

नाववाचन मुलांकडेच द्या. एका मुलाला एक नाव. त्या मुलाने महिनाभर आधी त्या घरी जायचे, विचारायचे, दोन ओळी लिहून आणायच्या. नाव कसे उच्चारायचे ते घरच्यांकडूनच शिकायचे. आमच्या एका जवानाचे कागदावरचे नाव वेगळे आणि गावात हाक मारायचे नाव वेगळे होते. त्याच्या भावाने मुलीला सांगितले, "दोन्ही वाच." आता दोन्ही वाचतो.

आम्ही शहरात किंवा परदेशात राहतो. आम्ही काय करू शकतो?

पुण्यात असाल तर दक्षिण कमांडचे युद्धस्मारक आहे, १९९८ मध्ये लोकवर्गणीतून उभे राहिलेले. मुलांना २६ जानेवारीला तिथे न्या. परदेशातल्या महाराष्ट्र मंडळांना माझी एकच विनंती आहे: तुमच्या जवळ आपल्या माणसांच्या समाध्या असतील तर तिथे जा. फ्रान्समध्ये नव्ह-शापेलला हिंदी सैनिकांचे स्मारक आहे, इटलीत कसिनोच्या स्मारकावरही आपले सैनिक आहेत. तिथे नावे कोरलेली आहेत. आयोगाच्या नोंदवहीत त्यांतल्या एखाद्या नावासमोर सातारा, रत्नागिरी, कुलाबा (आजचा रायगड) असा जिल्हा सापडला तर कोरलेल्या नावाचा फोटो काढून त्या गावच्या ग्रामपंचायतीला पाठवा. आमच्या यादीतले एक नाव असेच आले आहे.

१५ ऑगस्टला पाऊस असतो. मग?

असतोच. मांडव पूर्ण गावाला पुरत नाही, म्हणून तो दगडाच्या बाजूला घालतो आणि घरच्यांना त्याखाली बसवतो. बाकीचे छत्र्या घेऊन उभे राहतात, राष्ट्रगीताला आणि नाववाचनाला छत्र्या मिटवतात. हे कोणी सांगितले नव्हते, दुसऱ्या वर्षी आपोआप सुरू झाले. नावांचा कागद प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा आणि एक प्रत दुसऱ्या कोणाच्या खिशात असू द्या. शाई पसरली म्हणून एखादे नाव वाचायचे राहून गेले, असे व्हायला नको.